'प्रेसवर आहे' म्हणजे नेमकं कुठे? पॉवर प्रेस आणि तुटणाऱ्या बोटांचा इतिहास

नाशिक जिल्ह्यात 'पोरगा प्रेसला आहे' असं कुणी म्हटलं, की जुन्या माणसांच्या डोळ्यांसमोर नाशिकरोडचा नोटांचा छापखाना येतो. पक्की नोकरी, पेन्शन, पोरीच्या बापाला पसंत पडेल असं स्थळ. पण विंचूर, लासलगाव, निफाडकडची जी तरुण मुलं दवाखान्यात येऊन 'सर, मी प्रेसवर आहे' असं सांगतात, त्यांचा प्रेस वेगळा. सातपूर, अंबड, सिन्नरच्या एखाद्या छोट्या कारखान्यातला तो पॉवर प्रेस असतो. पत्र्याचा तुकडा आत ठेवायचा, पेडल दाबायचं, धाडकन ठोका पडतो, तयार तुकडा काढायचा, पुढचा ठेवायचा. दिवसभर हेच.

असाच एक बावीस-तेवीस वर्षांचा मुलगा माझ्याकडे ड्रेसिंगसाठी येत होता. तर्जनी आणि मधल्या बोटाची पेरं गेलेली. शहरात ऑपरेशन झालं होतं, आता गावी विश्रांती. पहिल्या दिवशी मी विचारलं, "कसं झालं रे?" तो म्हणाला, "लक्ष नव्हतं सर. माझीच चूक." शेजारी बसलेली आई म्हणाली, "नशीब, दुसरं काय." वडील काहीच बोलले नाहीत. कांद्याचे भाव पडले म्हणून पोराला कारखान्यात धाडलं, हे त्यांच्या मनात चाललं असावं.

'माझीच चूक' हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय, की आता त्यावरच लिहायचं ठरवलं. कारण ही चूक कुणाची, या प्रश्नाला मोठा इतिहास आहे. तो कळला तर तुमचं किंवा तुमच्या मुलाचं बोट वाचू शकतं.

चांदवडच्या टांकसाळीपासून

धातूवर ठसा मारण्याची कला आपल्या भागाला नवी नाही. होळकरांच्या काळात चांदवडला टांकसाळ होती आणि तिथला चांदवडी रुपया या मुलुखात चालायचा. त्या काळची रीत साधी होती. खालचा ठसा ऐरणीत पक्का बसवलेला. त्यावर चांदीची चकती ठेवायची, वर दुसरा ठसा धरायचा आणि त्यावर घणाचा घाव घालायचा. वरच्या ठशाला आजचा कामगार 'पंच' म्हणतो, खालच्याला 'डाय'. तत्त्व तेच आहे.

या कामातही बोटं चेचली जात असणार. पण एक गोष्ट लक्षात घ्या. घण उचलणारा माणूस समोर बघत असायचा. जोडीदाराचा हात आत दिसला तर तो घण थांबवू शकत होता. प्रत्येक घावामागे कुणाचा तरी डोळा आणि कुणाचा तरी निर्णय होता.

युरोपात सोळाव्या शतकापासून नाण्यांसाठी स्क्रूचा प्रेस वापरात आला. मोठा आटे पाडलेला दांडा, वर आडवी भुजा, तिच्या टोकांना वजनं. भुजा फिरवली की दांडा खाली येऊन दाब देतो. आपल्याकडच्या छोट्या वर्कशॉपमध्ये आजही दिसणारा हातप्रेस हा त्याचाच वंशज. पुढे अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये मॅथ्यू बोल्टन यांनी नाण्यांचे प्रेस वाफेच्या इंजिनावर चालवले. त्यांच्याच बोल्टन अँड वॉट कंपनीची यंत्रं मुंबईच्या टांकसाळीसाठी आली. फोर्टातली ती इमारत १८२० च्या दशकात उभी राहिली.

इथे एक मोठा बदल झाला. ताकद माणसाच्या दंडातून निघून यंत्राच्या चाकात गेली. यंत्राला डोळे नव्हते आणि ते कुणासाठी थांबत नव्हतं.

पॉवर प्रेस कसा चालतो?

आजचा साधा यांत्रिक पॉवर प्रेस समजून घेऊ. बाजूला एक जड चाक असतं, फ्लायव्हील. विजेची मोटर ते सतत फिरवत ठेवते. या चाकात ताकद साठलेली असते. मधे असतो क्लच. तुम्ही पेडल दाबलं की क्लच चाकाला दांड्याशी जोडतो, दांडा एक फेरा घेतो आणि त्याला लावलेला रॅम खाली येऊन वर जातो. रॅमला पंच लावलेला, खाली बैठकीवर डाय. मधला पत्रा कापला जातो, वाकतो किंवा त्याला आकार येतो. तुमच्या घरातलं स्टीलचं ताट, स्विचच्या आतली पितळी पट्टी, मोटारसायकलचे कितीतरी छोटे भाग असेच बनतात.

क्लचचे मुख्य प्रकार दोन. जुन्या आणि स्वस्त प्रेसमध्ये पिन किंवा चावीचा क्लच असतो. तो एकदा गुंतला की फेरा पुरा झाल्याशिवाय सुटत नाही. रॅम निघाला म्हणजे निघाला. मधे पेडल सोडा, ओरडा, मोटर बंद करा, चाकात साठलेली ताकद तो फेरा पुरा करतेच. दुसरा प्रकार घर्षणाच्या क्लचचा, सोबत ब्रेक. हा मधल्या वाटेतही थांबवता येतो.

आता हिशेब करू. समजा प्रेस मिनिटाला साठ फेरे घेतो. म्हणजे एका फेऱ्याला एक सेकंद, आणि रॅम खाली यायला अर्धा सेकंद. डोळ्यांना धोका दिसून, मेंदूने हुकूम देऊन हात नुसता हलू लागायलाच साधारण पाव सेकंद जातो. उरलेल्या वेळात हात बाहेर यायचा. पण धोका बहुधा रॅम निघाल्यावरच लक्षात येतो, आणि तेव्हा अर्धी वाट संपलेली असते.

दुसरा हिशेब. मिनिटाला दहा तुकडे काढणारा कामगार तासाला सहाशे आणि आठ तासांत चार हजार आठशे वेळा हात डायमध्ये घालतो. ४,७९९ वेळा लक्ष होतं आणि एकदा नव्हतं, तर त्याला तुम्ही बेफिकीर म्हणाल का? मेंदूची रचनाच अशी आहे, की एकसारखं काम तो सवयीवर टाकतो. हात आणि पाय आपल्या तालात चालू लागतात. तुकडा डायमध्ये तिरका बसलेला दिसतो, हात तो नीट करायला आत जातो आणि पाय सवयीने पेडल दाबतो. रात्रपाळी, ओव्हरटाइम, तुकड्यावर मजुरी असेल तर हे आणखी लवकर घडतं.

आणि कधी कधी कामगाराचा पायही पेडलवर नसतो. क्लचची पिन झिजलेली असते, स्प्रिंग तुटलेली असते आणि एक ठोका पडल्यावर रॅम आपोआप दुसऱ्यांदा खाली येतो. 'प्रेस डबल मारतो' असं कामगार सांगतात. अशा प्रेसवर जगातला सर्वांत सावध माणूसही सुरक्षित नाही.

चूक कुणाची?

कारखान्यांच्या सुरुवातीच्या काळात उत्तर ठरलेलं होतं. अपघात झाला की कामगाराचा निष्काळजीपणा. भरपाई हवी असेल तर मालकाची चूक कोर्टात सिद्ध करा. हात गमावलेला, पगार बंद झालेला माणूस वकील कुठून आणणार?

भारतातला पहिला कारखाना कायदा १८८१ चा. यंत्रांना कुंपण घालायला त्याने सांगितलं, पण तो शंभर किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यांनाच लागू होता. मुलांच्या कामाचं किमान वय होतं सात वर्षं! जखमी कामगाराने खायचं काय, याबद्दल त्यात काही नव्हतं.

हा प्रश्न मांडला तो पुणे जिल्ह्यातल्या कन्हेरसरच्या नारायण मेघाजी लोखंडे यांनी. सत्यशोधक चळवळीतला हा माणूस. रविवारची सुट्टी मिळवून देणारे म्हणून आपण त्यांना ओळखतो. १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा घेऊन त्यांनी जे निवेदन तयार केलं, त्यावर साडेपाच हजार कामगारांच्या सह्या होत्या. साप्ताहिक सुट्टी आणि दुपारची विश्रांती यांसोबत त्यात आणखी एक मागणी होती. कामावर जखमी झालेल्या कामगाराला बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा, आणि कायमचा अपंग झाल्यास त्याच्या पोटाची सोय व्हावी.

त्याच वर्षी तिकडे जर्मनीत बिस्मार्कच्या सरकारने कामगारांच्या अपघात विम्याचा कायदा केला. चूक कुणाची हे न पाहता भरपाई, हे त्याचं सूत्र. आपल्याकडे लोखंड्यांची मागणी कायद्यात उतरायला जवळजवळ चाळीस वर्षं गेली. १९२३ चा कामगार भरपाई कायदा १ जुलै १९२४ पासून लागू झाला. कामामुळे आणि कामाच्या वेळी इजा झाली असेल तर मालकाची चूक सिद्ध करण्याची गरज उरली नाही.

या कायद्याला एक तक्ता जोडलेला आहे. कुठला अवयव गेला तर कमाईची ताकद किती टक्के गेली असं धरायचं, ते त्यात लिहिलंय. पूर्ण अंगठा ३० टक्के. एका हाताची चारही बोटं ५० टक्के. पूर्ण तर्जनी १४, मधलं बोट १२, अनामिका किंवा करंगळी ७ टक्के. तर्जनीचं एक पेर ९ टक्के. वाचताना अंगावर काटा येतो, पण डॉक्टर म्हणून मला त्यातलं शहाणपणही दिसतं. अंगठ्याशिवाय हाताला पकड नाही, म्हणून त्याची किंमत सर्वांत जास्त.

पुढे १९४८ साली दोन मोठे कायदे झाले. कर्मचारी राज्य विमा कायद्याने उपचार आणि पगाराची जबाबदारी विमा महामंडळाकडे दिली. आणि कारखाना कायद्याच्या कलम २१ ने यंत्राच्या धोकादायक भागांना पक्कं कुंपण घालणं ही कारखानदाराची जबाबदारी ठरवली. कलम २३ नुसार अठरा वर्षांखालच्या मुलाला धोकादायक यंत्रावर पूर्ण प्रशिक्षण आणि जाणकाराची देखरेख यांशिवाय लावता येत नव्हतं. २०२० साली संसदेने हे सारे कायदे नव्या कामगार संहितांमध्ये एकत्र केले.

'आपण शेतकरी, आपला काय संबंध' असं वाटत असेल तर मळणी यंत्र आठवा. त्यात हात गेलेला माणूस बहुतेक गावांत सापडेल. त्या अपघातांमुळेच १९८३ साली धोकादायक यंत्रांसाठी वेगळा केंद्रीय कायदा करावा लागला. प्रश्न तोच, उत्तरही तेच. हात आत जाईल अशी वाट ठेवायचीच नाही.

हात आत जाऊ नये म्हणून

ब्रिटनने १९६५ साली पॉवर प्रेससाठी स्वतंत्र नियम केले. पाळीच्या सुरुवातीच्या चार तासांत प्रशिक्षित माणसाने प्रेस आणि गार्ड तपासून सही करायची. सही नसेल तर प्रेस चालवायचा नाही. साधी गोष्ट आहे, पण तिने 'सांभाळून काम कर' या सल्ल्याच्या जागी एका माणसाची रोजची जबाबदारी आणली.

आज वापरात असलेले उपाय असे:

पक्का गार्ड. डायभोवती जाळी, पत्रा आत सरकवण्यापुरती फट. बोट जाऊच शकत नाही. सर्वांत स्वस्त आणि सर्वांत भरवशाचा.

दोन हातांची बटणं. दोन्ही बटणं एकदम दाबल्याशिवाय रॅम निघत नाही, म्हणजे दोन्ही हात बाहेरच. पण एक बटण चिकटपट्टीने किंवा काडी खुपसून दाबून ठेवलं, की संरक्षण संपलं. दोघं जण काम करत असतील तर दुसऱ्यासाठीही बटणं हवीत.

प्रकाशाचा पडदा, ज्याला कामगार नुसतं 'सेन्सर' म्हणतात. हात आडवा आला की प्रेस थांबतो. मात्र हा पडदा पिन क्लचच्या प्रेसवर निरुपयोगी, कारण तो प्रेस मधे थांबतच नाही. आणि थांबणाऱ्या प्रेसवरही अंतर महत्त्वाचं. हाताचा वेग सेकंदाला सुमारे १.६ मीटर धरतात. प्रेस थांबायला पाव सेकंद लागत असेल तर पडदा डायपासून निदान ४० सेंटिमीटर दूर हवा. जवळ लावला तर प्रेस थांबेल, पण बोट गेल्यावर.

चिमटा किंवा चुंबकाची काठी. तुकडा ठेवायला आणि काढायला. सवय लागेपर्यंत काम हळू होतं, म्हणून ती कोपऱ्यात पडून राहते.

पेडलवर झाकण, म्हणजे चुकून पाय पडून किंवा वस्तू पडून रॅम सुटू नये. आणि डाय बदलताना मोटर बंद, चाक पूर्ण थांबलेलं आणि रॅमखाली आधाराचा ठोकळा.

मग हे सगळं असताना बोटं का तुटतात? गार्डमुळे वेग कमी होतो म्हणून तो काढला जातो. कधी सुपरवायझर काढायला सांगतो, कधी तुकड्यांचा आकडा गाठायला कामगार स्वतः काढतो. हेल्पर म्हणून घेतलेल्या मुलाला दुसऱ्याच दिवशी प्रेसवर बसवलं जातं. गुडगाव, फरिदाबादकडे वाहनउद्योगातल्या जखमी कामगारांसाठी काम करणारी 'सेफ इन इंडिया' ही संस्था २०१९ पासून 'क्रश्ड' नावाचे अहवाल काढते. त्यांत वारंवार पुढे येणारं यंत्र पॉवर प्रेसच आहे.

प्रेसने तुटलेला हात आणि शांघायचे डॉक्टर

एक आशेची गोष्टही सांगतो. जानेवारी १९६३ मध्ये शांघायमधल्या एका कारखान्यात प्रेसखाली एका कामगाराचा उजवा हात मनगटाच्या वर पूर्ण तुटला. सोबत्यांनी त्याला आणि तुटलेल्या हाताला लगेच दवाखान्यात आणलं. डॉक्टर चेन झोंगवेई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही तासांची शस्त्रक्रिया करून तो हात जोडला, आणि पुढे त्या हाताने कामही होऊ लागलं. आदल्या वर्षी अमेरिकेत बोस्टनला एका मुलाचा तुटलेला दंड जोडला गेला होता. १९६५ साली जपानमध्ये कोमात्सु आणि तामाई यांनी सूक्ष्मदर्शकाखाली बारीक रक्तवाहिन्या शिवून तुटलेला अंगठा जोडला. आज आपल्या राज्यातल्या मोठ्या शहरांत अशा शस्त्रक्रिया होतात.

पण हे कायम लक्षात ठेवा. धारदार कापाने तुटलेलं बोट जोडण्याची शक्यता चांगली, प्रेसखाली चेचलेल्या बोटाची कमी. जोडता येईल की नाही हे सर्जनला ठरवू द्या. तुमचं काम तुकडा नीट पोहोचवणं.

अपघात झालाच तर

१. आधी यंत्र बंद करा. हात अडकला असेल तर ओढू नका. रॅम कसा उचलायचा हे माहीत असलेल्या माणसाला बोलवा.

२. जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा, हात छातीच्या वर उचला. हळद, चुना, तंबाखू, ग्रीस काही लावू नका. उरलेल्या बोटांत अंगठी असेल तर सूज येण्याआधी काढा.

३. तुटलेला तुकडा शोधा. डायमध्ये, हातमोज्यात, स्क्रॅपच्या डब्यातही पाहा. स्वच्छ ओलसर कापडात गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधा आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवा. तुकडा थेट बर्फावर किंवा पाण्यात टाकू नका, तो खराब होतो.

४. लटकत असलेला भाग तोडून टाकू नका.

५. थेट प्लास्टिक सर्जन किंवा हाताचे सर्जन असलेल्या रुग्णालयात न्या आणि निघतानाच फोन करा. गार ठेवलेलं बोट बराच वेळ टिकतं, तरी पहिल्या सहा तासांत पोहोचणं उत्तम. शस्त्रक्रिया लागेल म्हणून वाटेत चहा-पाणी देऊ नका.

६. धनुर्वाताचं इंजेक्शन विसरू नका.

जखम भरल्यावरही उपचार संपत नाहीत. उरलेली बोटं आखडू नयेत म्हणून फिजिओथेरपी महिनोन्महिने करावी लागते. थंडीत बोट ठणकतं, नसलेल्या पेराला खाज येते, दुखतं. हे खरं दुखणं असतं, वेड नव्हे. प्रेसचा आवाज ऐकून घाम फुटणं, झोप उडणं हेही सांगत जा. त्यावरही उपचार आहेत.

हक्काचं काय?

मासिक पगार २१,००० रुपयांपर्यंत असेल आणि कारखाना विमा योजनेत बसत असेल, तर तुमचा ई.एस.आय. नंबर असला पाहिजे. कामावरच्या इजेसाठी किती दिवस वर्गणी भरली ही अट नाही, पहिल्या दिवसापासून संरक्षण आहे. कामावर जाता येत नाही त्या काळात सरासरी पगाराच्या ९० टक्के रक्कम मिळते आणि कायमचं अपंगत्व आलं तर मासिक लाभ. सातपूरला विमा योजनेचं रुग्णालय आहे. योजना लागू नसेल तर मालकाकडून भरपाई मागता येते. अपघाताची नोंद कारखान्याच्या वहीत त्याच दिवशी करून घ्या, आणि डॉक्टरांना अपघात कामावर झाला हे स्पष्ट सांगा. 'घरी लागलं म्हणून सांग, खर्च आम्ही करतो' या बोलण्याला भुलू नका. केसपेपरवर एकदा 'घरी' लिहिलं गेलं की पुढे सगळं अवघड होतं.

एक इशाराही. कामगाराने जाणूनबुजून गार्ड काढला असं ठरलं तर भरपाईच्या दाव्याला अडचण येऊ शकते. म्हणून गार्ड काढायला कुणी सांगितलं तर निदान विचारा, "लिहून देता का?"

तो मुलगा शेवटच्या ड्रेसिंगला आला तेव्हा मी त्याला विचारलं, "त्या प्रेसला गार्ड होता?" तो जरा थांबला. "होता सर. भिंतीला टेकवून ठेवला होता. मी जॉइन झालो तेव्हापासून तिथेच होता." मग स्वतःच म्हणाला, "म्हणजे सगळीच काही माझी चूक नव्हती." आईने पहिल्यांदा मान वर करून त्याच्याकडे पाहिलं.

तुमच्या घरातलं कुणी प्रेसवर असेल तर आज जेवताना त्याला तीन प्रश्न विचारा. प्रेसला गार्ड आहे का, आणि तो लावलेला असतो का? प्रेस कधी डबल मारतो का? तुझा विमा नंबर काय? तिन्हींची उत्तरं नीट मिळाली नाहीत, तर दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने प्रेसवर बसण्याआधी सुपरवायझरशी बोलायला हवं.